उणे अकरा मीटरवरचं घर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या बाया माहेरी जातात, नाहीतर घरात बसून वह्या तपासतात. मी या वर्षी कर्जत-खालापूरकडच्या भातखाचरांत जाऊन आकाशातून जाणाऱ्या उपग्रहांची शिट्टी ऐकून आले. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालंय. आमच्या वर्गातल्या नकाशावर मात्र अजून कुलाबाच आहे. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंत? मला काही धड सांगता आलं नाही. सहा दिवस मी इतक्या वेळा गोंधळले, की ते ओळीने लिहून काढल्याशिवाय मलाच त्यातलं काही कळेल असं वाटत नाही.

जायचं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ अरविंद, घरचा अरू. तो एका संशोधन संस्थेत आहे आणि हवेच्या अगदी वरच्या थराचा अभ्यास करतो. त्याच्या मदतनीसाला ऐन वेळी कावीळ झाली. तेव्हा हा सातारला येऊन मला म्हणाला, "ताई, घड्याळ बघून आकडे लिहिता येतात ना? मग चल." बावीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला असं विचारतात का? पण मी गेले. सातारच्या बाहेर मी पडते तरी कुठे?

कर्जत

चार लाकडी पेट्या, मोटारीच्या तीन बॅटऱ्या आणि काड्या उलट्या झालेल्या छत्रीसारखी दिसणारी अँटेना असं आमचं बिऱ्हाड कर्जतच्या फलाटावर उतरलं. टेंपो यायला वेळ होता. तेवढ्यात घाटात गाड्यांना मागून जोर लावणारं एक इंजिन भोंगा वाजवत आमच्या शेजारून गेलं आणि अरूने लगेच मला धडा दिला. इंजिन जवळ येतं तेव्हा सूर बारीक असतो, लांब जातं तेव्हा जाड होतो. उपग्रहाच्या सुराचंही तसंच. तो सूर कसा उतरत गेला यावरून आपण पृथ्वीवर नेमके कुठे बसलोय ते काढता येतं. एका परक्या देशाने आपल्या जहाजांना वाट दाखवायला ते वर सोडलेत, आणि ऐकायला कुणालाही बंदी नाही.

मग तुझं त्यात काय, असं मी विचारलं. तर तो उपग्रह म्हणे एकाच वेळी दोन सूर सोडतो. खूप उंचावर, जिथे हवा जवळपास संपते, तिथे उन्हाने सुटे झालेले विजेचे कण असतात. त्यांच्यातून येताना दोन्ही सुरांवर कमीजास्त परिणाम होतो आणि त्या फरकावरून वर कण किती आहेत ते समजतं. आपल्या या पट्ट्यात ते दुपारी फार वाढतात, म्हणून दुपारचे फेरे महत्त्वाचे. मला यातला प्रत्येक शब्द कळला. सगळे मिळून काय झालं ते कळलं नाही. मी मान हलवली आणि वडा खाल्ला.

भिवपुरी

पहिला मुक्काम भिवपुरीला, वीजघराच्या वसाहतीत. जागा फार सुंदर. मागे सह्याद्रीची भिंत, त्यावरून खाली उतरलेले पाण्याचे जाडजूड नळ, आणि वसाहतीतल्या बंगल्यांपुढे जास्वंदी. अरूने अँटेना उभी केली, यंत्र सुरू केलं, आणि यंत्रातून नुसती खरखर ऐकू आली. त्याने तारा बदलल्या, पेटी उघडली, पुन्हा लावली. शेवटी वर बघितलं. आमच्या डोक्यावरून वीजघराच्या मोठ्या तारा गेल्या होत्या आणि त्यांच्या गुणगुणण्यात उपग्रह बिचारा बुडून गेला होता. हवेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने मुक्कामाला वीजघर निवडावं, यावर मी संध्याकाळभर त्याला चिडवलं. तो जेवला नाही, म्हणून मग गप्प बसले.

आमचा घोळ बघायला वीजघरातले फिटर शांताराम गायकवाड थांबले होते. ते आठवडाभर इथे राहत आणि सुट्टीला गावी जात. अरूला काय हवंय ते त्यांनी शांतपणे विचारून घेतलं: वर मोकळं आकाश, जवळपास तारा नाहीत, आणि खाली न हलणारी पक्की जागा. ते म्हणाले, की आमच्या गावात वीजच मोजक्या घरांत आहे, आणि माझ्या नव्या घराचं जोतं पंधरवड्यापूर्वीच बांधून झालंय. घडीव दगडाचं आहे, हलणार नाही. मिस्त्री भिंती उभारायला घेणार अजून तीन-चार दिवसांनी, तोवर खुशाल बसा. त्यांनी बायकोला चिठ्ठी लिहून दिली.

गाव

हे गाव कर्जत-खोपोली वाटेवर, खालापूरच्या हद्दीत आहे. नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल.

शांतारामांच्या बायकोचं नाव सुमनबाई. वय चाळिशीचं, अंग काटक, बोलणं कमी. चिठ्ठी त्यांनी स्वतः वाचली, एकेक अक्षर सावकाश, आणि घडी करून बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवली. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. समोर वीस पावलांवर ते नवं जोतं, काळ्या दगडाचं, कमरेच्या जरा खाली येईल इतकं उंच. सुमनबाई त्यावर रोज सकाळी पाणी मारत, झाडत, आणि उगीचच एकदा सगळीकडून फिरून येत. या जोत्यासाठी दोघांनी किती वर्षं काढली असतील ते त्या फेरीवरून समजत होतं. त्यांच्या घराण्यातलं हे पहिलं पक्कं घर.

आम्ही त्या जोत्याच्या मधोमध अँटेना रोवली. उपग्रह दिवसातून बऱ्याचदा जाई. पंधराएक मिनिटं शिट्टी वाजे, आधी बारीक, मग उतरत उतरत जाड, आणि मग थांबे. मी घड्याळ बघून वेळ लिही. मग यंत्र कागदाच्या पट्टीवर आकडे छापी. एकदा भाकरीत लक्ष गेल्याने मी वेळ पाच मिनिटं चुकीची लिहिली, तर अरूने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वर्गातल्या ढ मुलींची पहिल्यांदाच दया आली.

भाकरीत लक्ष जाण्यासारखीच ती होती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापून पातळ करतात; इथली तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ, आणि सोबत वालाचं बिरडं नाहीतर सुकट. वरच्या आळीतल्या एका बाईंनी मला वाटेत थांबवून हळूच विचारलं, की तुम्ही चहा कुणाकडे घेता. मी म्हटलं, जिथे राहते तिथे. त्या पदर सावरून पुढे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरेसे फेरे जमले तेव्हा यंत्राने आम्ही कुठे बसलोय त्याचं उत्तर छापलं. अक्षांश, रेखांश, आणि खाली उंची. मी पट्टी हातात घेतली. उंची होती उणे अकरा मीटर.

मी पुन्हा वाचलं. मग मोठ्याने हसले आणि म्हणाले, की अरू, तुझ्या यंत्राचं डोकं फिरलंय, आपण पाण्याखाली अकरा मीटर बसलोय. जोत्याच्या कडेला घर बांधणारे गणपतमिस्त्री दोरी लावत होते. विहिरीवरून येणाऱ्या तिघी बायका उभ्या होत्या. सुमनबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. अरू बॅटरीपाशी वाकला होता. त्याने नुसतं हूं केलं. मी चहा प्यायले आणि तो विनोद विसरून गेले.

शिळफाटा

तिसऱ्या दिवशी दोन बॅटऱ्या बसल्या. आम्ही पहाटेच निघून खोपोलीला गेलो आणि तिथून शिळफाट्याला, कारण मालट्रक थांबतात तिथे बॅटरीवालेही चांगले असतात. दिवसभर तिथेच अडकलो. मला शिळफाटा आवडला. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर लोक उतरून चाकांना लाथा घालून बघत होते, हॉटेलात पंजाबी, मद्रासी, मराठी सगळ्या बोल्या एकाच वेळी चालू होत्या, आणि मिसळ इतकी जहाल की अरूच्या डोळ्यांना धारा लागल्या. बॅटऱ्या भरेपर्यंत मी त्याला उणे अकराबद्दल विचारलं.

तो म्हणाला यंत्र बरोबर आहे. उपग्रह समुद्रापासून उंची मोजत नाही. गणिताच्या सोयीसाठी एक गुळगुळीत पृथ्वी मानलेली आहे, तिच्या पृष्ठापासून मोजतो. खरा समुद्र तसा गुळगुळीत नाही. पृथ्वीची ओढ कुठे कमी, कुठे जास्त, तसा तो कुठे खचलेला, कुठे फुगलेला. आपल्या देशाच्या अवतीभवती तो खचलेला आहे, इथे साठ-पासष्ट मीटर तरी. म्हणजे ते गाव समुद्राच्या चांगलं वर आहे आणि तरीही त्या मानलेल्या पृथ्वीच्या खाली. मी विचारलं, आपल्याकडेच समुद्र का खचलाय? अरू म्हणाला, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही.

बावीस वर्षं मी फळ्यावर समुद्रसपाटीची सरळ रेघ ओढत आले. ती रेघच सरळ नाही हे मला शिळफाट्यावर, मिसळीच्या हॉटेलात कळलं. मला राग आला, आणि कुणाचा ते सांगता येईना.

पुन्हा गाव

आम्ही परतलो तेव्हा जोत्याजवळ कुणी नव्हतं. आदल्या दिवशी रचून ठेवलेल्या विटा तशाच. अँटेना होती तिथेच, पण तिच्याभोवती कुणीतरी काट्या टाकल्या होत्या, जनावर येऊ नये म्हणून की आम्ही, ते समजेना. सुमनबाई दारात आल्या, पाणी दिलं, आणि आत गेल्या. चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतमिस्त्रींकडून कळलं. सरकारने गायकवाडाचं जोतं मोजलं आणि ते पाण्याखाली निघालं, असं गावभर झालं होतं. म्हणजे धरण येणार. बाईंनीच पट्टी वाचून सांगितलं, बाई तर शिक्षिका आहेत. एक जण म्हणाला, पाण्यात कशाला विटा घालता? विटांची पुढची गाडी सुमनबाईंनी परत पाठवली होती. शांतारामांना निरोप गेला होता, पण त्यांना सुट्टी मिळायला दोन दिवस होते.

सगळा घोळ माझ्या जिभेने केला होता. गावाचं नाव इथे लिहीत नाही ते म्हणूनच. अरूला बरोबर घेऊन मी सुमनबाईंच्या ओट्यावर बसले आणि शिळफाट्यावर ऐकलेलं सगळं सांगू लागले. गुळगुळीत पृथ्वी, खचलेला समुद्र. माझं मलाच ऐकू येत होतं की हे थापेसारखं वाटतंय. सुमनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मध्येच गणपतमिस्त्री बोलले.

"सायेब, तुमची खून कुटं हाय?"

अरूला प्रश्न कळला नाही. मिस्त्री त्याला उठवून जोत्याशेजारच्या आंब्याकडे घेऊन गेले. खोडावर गेरूने एक आडवी रेघ ओढलेली होती, ती त्यांची खूण. बांधकाम सुरू करण्याआधी ते तशी रेघ मारत आणि मग पाण्याने भरलेली लांब नळी लावून सगळी मापं त्या रेघेपासून खाली धरत. जोतं खाली इतकं, उंबरा खाली इतका.

"ह्या खुनंपासून जोतं साडेतीन फूट खाली हाय. म्हनून काय ते खड्ड्यात हाय का? खूनच वर मारलीय. तुमची खूनबी वर हाय, येवडंच ना?"

अरू म्हणाला, अगदी एवढंच. मी कपाळाला हात लावला. मी अर्धा तास जे बोलले ते मिस्त्रींनी एका रेघेत सांगितलं होतं.

सुमनबाईंनी ती रेघ पाहिली, जोतं पाहिलं, मान हलवली. मला वाटलं सुटले. पण त्या ओट्यावरून उठल्या नाहीत. मग जे बोलल्या ते त्यांच्या शब्दांतच देते.

"बाई, आकड्याचं समजलं. माजं म्हायेर वर घाटावर व्हतं. मी दहा वर्सांची असंन. तवाबी असीच तिवई घेऊन मानसं आली. आमच्यातच जेवली. इचारलं तर म्हनली, आमी फकस्त मोजतोय. तिसऱ्या वर्सी गाव पान्यात गेलं. तुमी मला खरं सांगा. हितं धरन येनार काय?"

अरू म्हणाला की आमचा धरणाशी काही संबंध नाही, आम्ही वरची हवा मोजतो. त्यांनी त्याला थांबवलं नाही, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला नाही म्हणायचं होतं. ते एक अक्षर तोंडापर्यंत आलंही होतं. पण मला काय माहीत होतं? अरूच्या वह्या संस्थेत जातात, तिथून कुठे जातात ते त्याला ठाऊक नव्हतं. गावाजवळच्या ओढ्यावर उद्या कुणी बांध घालायचं ठरवेल का, ते मला कोण सांगणार? परवापर्यंत मला समुद्र सपाट असतो असं वाटत होतं.

मी म्हटलं, "सुमनबाई, मला माहीत नाही. आमच्या मोजण्यामुळे येणार नाही, एवढंच मला माहीत आहे."

मला फार वाईट वाटत होतं. कुणाला आधार द्यायची वेळ यावी आणि आपल्यापाशी नुसतं माहीत नाही एवढंच निघावं.

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "मिस्त्री, भिंती आजच घ्या."

मिस्त्रीही गोंधळले. धरण येणार असेल तर भिंती कशाला, आणि येणार नसेल तर आजचीच घाई का? सुमनबाईंनी सांगितलं ते असं. त्यांच्या आईचंही नवं जोतं बांधून झालं होतं. गाव उठवताना कारकून आले आणि त्यांनी उभी घरं तेवढी लिहिली. जोतं लिहिलं नाही. नुसत्या जोत्याला घर म्हणत नाहीत, असं कारकून म्हणाला. नव्या जागी बाकीच्यांना घर मिळालं आणि आईला झाडाखाली चूल मांडायला लागली.

"येवोत नायतर ना येवोत. आले तर माज्या दारात उबं राहून घर लिवलं पायजेल."

अरूने हळू आवाजात विचारलं, अजून दोन दिवस थांबता येईल का. अँटेना जोत्याच्या मधोमध होती, आज दुपारचा फेरा वीस मिनिटांवर आला होता, आणि अशा थेट डोक्यावरून जाणाऱ्या फेऱ्यासाठीच तो इथवर आला होता.

सुमनबाई म्हणाल्या, "तवाचे सायेबबी दोन दिवसच म्हनाले व्हते."

अरू माझा भाऊ आहे. कामात तो किती रमतो ते मला माहीत आहे, आणि कुणाच्या दुःखापुढे त्याला बोलता येत नाही हेही. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "अरू, उचल." बावीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज आपोआप निघाला. त्याने तारा सोडवल्या. मिस्त्रींनी अँटेनेचा बुंधा धरला, मी पेट्या ओढल्या, आणि आम्ही सगळं बिऱ्हाड शेजारच्या मोकळ्या माळावर नेलं. मिस्त्रींनी न सांगता आपली नळी आणली, एक टोक जोत्यावर आणि एक अँटेनेपाशी धरलं, आणि नवी जागा जोत्यापेक्षा किती खाली ते अरूला सांगितलं. अरूने ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांचं नावही लिहिलं. म्हणजे उंचीचं काम वाया गेलं नाही. दुपारचा फेरा मात्र गेला. यंत्र पुन्हा जोडेपर्यंत उपग्रह वरून निघून गेला होता. अरूने फक्त एकदा आकाशाकडे पाहिलं, जणू दिसणार होता.

जोत्यावर तोवर विटांचा पहिला थर लागला होता. सुमनबाई स्वतः विटांच्या पाट्या उचलत होत्या. कालपर्यंत विटा नको म्हणणारे दोघे जण मातीचा गारा कालवत होते. संध्याकाळी चहा आला, आणि सुमनबाई माझ्याशेजारी बसल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या की तुम्ही हसला नसतात तर मी अजून महिनाभर दमादमाने बांधलं असतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, की खरंच तसं होतं, ते मला ठरवता आलं नाही.

सातारा

परत येऊन महिना झाला. अरूने कळवलंय, की माळावरचे पुढचे फेरे चांगले निघाले. वरच्या हवेबद्दल त्याला जे हवं होतं त्यातलं बरंचसं मिळालं, आणि गेलेल्या दुपारच्या जागी आलेखात एक फट ठेवली आहे. सहावीच्या वर्गात मी समुद्रसपाटी शिकवायला उभी राहिले आणि खडू हातात धरून थोडा वेळ थांबले. मुलींना वाटलं बाई विसरल्या. मी रेघ ओढली, पण सरळ ओढली नाही, आणि का ते त्यांना धड समजावता आलं नाही.

काल शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. सुमनबाईंचं स्वतःचं असावं. मजकूर एवढाच होता.

"बाई, भिंती झाल्या. कौलं चढली. मोजायला अजून कोणी आलं नाही. आलं तर घर आहे."